सोलापूरचा कांदा आणि बांगलादेशाची बाजारपेठ



कांद्याचे रोप कसे टाकावे, खत किती द्यावे, फुलकिडे कसे आवरावेत, हे आपण या कार्यक्रमातून पुष्कळदा ऐकले आहे. आज मला पीक हाताशी आल्यानंतरची गोष्ट सांगायची आहे. आपला कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात उतरतो, वक्कल लागते, लिलाव होतो आणि पट्टी हातात पडते. त्या पट्टीवर जो दर लिहिलेला असतो तो ठरतो कुठे? काही भाग यार्डात ठरतो, काही हैदराबाद, बंगळूर, चेन्नईच्या पेठेत ठरतो, आणि काही भाग इथून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, बंगालच्या पलीकडे, बांगलादेशात ठरतो.

मोहोळ तालुक्यातल्या एका गावी बैठकीत मी हेच सांगत होतो, तेव्हा एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "साहेब, आमचा कांदा जातोय मद्रासला. त्या बांगलादेशाशी आमाला काय देणंघेणं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचे बरेचसे बोलणे त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

कांदा पिकवणारा आणि तरी विकत घेणारा देश

पुष्कळांची अशी समजूत असते की बांगलादेशात कांदा पिकतच नाही. तसे मुळीच नाही. तिथे वर्षाला 30 लाख टनांच्या वर कांदा होतो. पाबना, फरीदपूर, राजबाडी, राजशाही, कुष्टिया हे तिकडचे कांद्याचे जिल्हे. आपले नाशिक-सोलापूर तसे त्यांचे पाबना-फरीदपूर समजा. त्यांचे हंगाम दोन. पहिला 'मुडीकाटा' कांदा. लहान कांद्या लावून तो लवकर आणतात आणि डिसेंबर-जानेवारीत काढतात. हा कांदा टिकत नाही, आला तसा विकावा लागतो. दुसरा 'हाली', म्हणजे रोपे लावून केलेला. तो मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि त्यांची वर्षाची बेगमी त्यावरच असते.

अडचण साठवणीची आहे. हवा दमट, पाऊस भरपूर, आणि कांदा ठेवायचा तो घराच्या माळ्यावर नाहीतर बांबूच्या माचाणावर. त्यामुळे साठवलेल्या मालाचा मोठा वाटा सडून, कोंब येऊन जातो. म्हणजे पिकतो पुरेसा, पण पोटात जायला उरत नाही. श्रावण उलटला की तिथला साठा विरळ होतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत कांद्याची ओढ सर्वांत जास्त असते. हे तीन महिने लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

ही तूट भरून काढायला सर्वांत जवळचे, सर्वांत स्वस्त दुकान म्हणजे भारत. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर आणि हिली या पश्चिम बंगालमधील चार नाक्यांवरून कांद्याच्या गाड्या पलीकडे जातात. महाराष्ट्रातून निघालेला ट्रक चार-पाच दिवसांत सीमेवर उभा राहतो. इजिप्त, तुर्कस्तान किंवा चीनचा कांदा जहाजाने यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून भारताच्या कांदा निर्यातीत बांगलादेश हे सर्वांत मोठे गिऱ्हाईक राहिले आहे. सन 2023-24 मध्ये निर्यातीवर निर्बंध असतानाही भारतातून 17.17 लाख टन कांदा बाहेर गेला, त्यापैकी सात लाख टनांच्या आसपास एकट्या बांगलादेशाने घेतला. त्याच्या आदल्या वर्षी एकूण निर्यात 25 लाख टनांवर होती. यावरून निर्बंधांनी किती माल आत कोंडला गेला त्याचा अंदाज येईल.

दोन कुलुपांचे दार

या व्यापाराच्या दाराला दोन कुलुपे आहेत. एक आपल्या सरकारच्या हातात आणि एक त्यांच्या. दोन्ही उघडी असतील तेव्हाच गाडी पलीकडे जाते. आणि दोन्हीकडचा हेतू एकच असतो, फक्त उलट्या बाजूने. आपल्याकडे शहरात कांदा महाग झाला की आपले कुलूप लागते. त्यांच्याकडे शेतकऱ्याचा कांदा स्वस्त झाला की त्यांचे कुलूप लागते.

आधी आपले पाहू. सप्टेंबर 2019 मध्ये अवकाळी पावसाने पीक गेले, भाव चढले. 13 सप्टेंबरला किमान निर्यात दर टनाला 850 डॉलर ठरवण्यात आला. किमान निर्यात दर म्हणजे त्याहून स्वस्त माल परदेशी विकता येणार नाही, अशी मर्यादा. पंधरा दिवसांतच, 29 सप्टेंबरला, निर्यात पूर्ण बंद झाली. त्या वेळी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्यांनी भर सभेत हसत हसत सांगितले की आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, आणि बंदी करायची तर आधी कळवत जा. बोलणे हसण्यावारी गेले, परंतु नोव्हेंबरमध्ये ढाक्यात कांदा किलोला 250 टका झाला आणि त्यांना विमानाने कांदा आणावा लागला. ती बंदी 15 मार्च 2020 रोजी उठली.

पुन्हा 14 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली, तीही एकाएकी. शेकडो गाड्या सीमेवर अडकल्या आणि उन्हा-पावसात ताडपत्रीखाली कांदा नासला. 1 जानेवारी 2021 पासून निर्यात खुली झाली.

नंतरचा फेरा आपल्या सर्वांच्या आठवणीत असेल. 19 ऑगस्ट 2023 रोजी 40 टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरअखेर 800 डॉलरचा किमान दर आला. 8 डिसेंबर 2023 पासून पूर्ण बंदी. मधल्या काळात सरकारने नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या संस्थेमार्फत बांगलादेशासाठी 50,000 टनांची परवानगी दिली आणि मार्च 2024 मध्ये पहिले 1650 टन रेल्वेने गेले. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण 550 डॉलरचा किमान दर आणि 40 टक्के शुल्क राहिले. दोन्ही मिळून टनाला 770 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या रुपयात किलोला 64 रुपयांच्या आसपास. नावाला निर्यात खुली, पण इतक्या महाग मालाला गिऱ्हाईक कुठून येणार? 13 सप्टेंबर 2024 रोजी किमान दर काढला व शुल्क 20 टक्क्यांवर आणले आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही पूर्णपणे काढून टाकले.

आता दुसरे कुलूप. बांगलादेशातील व्यापाऱ्याला आपला कांदा आणायचा तर त्यांच्या कृषी खात्याचा आयात परवाना लागतो. खाते आमच्यासारखेच, शेतकऱ्याला सल्ला देणारे, पण परवान्याचा शिक्काही त्यांच्याच हातात. मार्च 2023 च्या मध्यावर त्यांचा हाली कांदा निघायला लागला तेव्हा हे परवाने बंद करण्यात आले आणि 5 जून 2023 पासून पुन्हा सुरू झाले. 2025 साली तर वर्षाचा बराच काळ परवाने रोखून धरले होते. म्हणजे आपण आपले कुलूप काढले, नेमके तेव्हा त्यांनी स्वतःचे लावले. शेवटी 7 डिसेंबर 2025 पासून रोज 50 परवाने द्यायला सुरुवात झाली, एका परवान्यावर जास्तीत जास्त 30 टन.

हा आकडा जरा हातावर मांडून पाहू. 50 परवाने गुणिले 30 टन म्हणजे दिवसाला 1500 टन. आपल्या सोलापूरच्या यार्डात भर हंगामात एका दिवसात 50,000 क्विंटलच्या वर कांदा उतरलेला आहे. म्हणजे 5000 टन. "बांगलादेश उघडला" अशी बातमी फोनवर फिरली म्हणून घाईने कांदा उपटणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा. पुढे परवान्यांची संख्या वाढवली गेली, ही गोष्ट वेगळी. परंतु पहिल्या दिवशी सबंध भारताला मिळून मिळालेली जागा आपल्या एका यार्डाच्या एका दिवसाच्या आवकेपेक्षाही लहान होती.

कराचेही तसेच. जानेवारी 2021 मध्ये आपली निर्यात सुरू होताच त्यांनी आयातीवर 10 टक्के कर बसवला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये टंचाई झाली तेव्हा काही काळापुरता तो माफ केला. बातमीत 'आयात सुरू' हे दोन शब्द ऐकून थांबू नये. परवाने किती, कर किती आणि मुदत कधीपर्यंत, या तिन्ही गोष्टी विचाराव्यात.

पट्टीवर परिणाम कसा होतो

आता मोहोळच्या त्या प्रश्नाकडे येऊ. सोलापूरचा माल मुख्यतः दक्षिणेला जातो, हे खरेच आहे. आपला लाल कांदा ताजा ताजा खाणारी गिऱ्हाइके तिकडे आहेत आणि सोलापूरहून हैदराबाद एका रात्रीत गाठता येते. बांगलादेशाला जास्त माल जातो तो नाशिककडचा, आणि मध्य प्रदेशासारख्या राज्यांतलाही. परंतु सीमा बंद झाली म्हणजे हा माल शेतात पुरून टाकत नाहीत. तो दुसरी पेठ शोधतो. पूर्वेकडे जाणारी गाडी दक्षिणेकडे वळते आणि ज्या पेठेत काल फक्त आपला आणि कर्नाटकाचा कांदा होता, तिथे आज नाशिकचा कांदा येऊन उभा राहतो. चेन्नईच्या व्यापाऱ्याला निवड करायला माल जास्त मिळाला की तो सोलापूरच्या अडत्याला फोनवर भाव कमी सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावात तो कमी भाव आपल्या वकलीवर लागतो. पाटाचे एक दार लावले की पाणी दुसऱ्या दारात तुंबते, तसाच हा प्रकार.

डिसेंबर 2023 मध्ये हेच घडले. बंदीच्या वेळी आपला खरीप कांदा नुकता जोरात निघत होता. दोन-तीन आठवड्यांत सरासरी दर निम्म्याच्या आसपास आले आणि यार्डात गाड्यांची रांग मात्र वाढतच गेली, कारण हा कांदा घरात ठेवता येत नाही.

व्यापारी भाव कसा बांधतो हेही समजून घ्यावे. तो उलटा हिशोब करतो. समजण्यासाठी असे धरा की सीमेवर किलोला 30 रुपये मिळणार आहेत. त्यातून गाडीभाडे 6 रुपये, बारदान, निवड आणि हमाली 2 रुपये, वाटेतली तूट 2 रुपये आणि त्याचा स्वतःचा नफा 1 रुपया गेला. उरले 19. एवढ्यापर्यंत तो लिलावात बोली लावू शकतो. उद्या किलोला 5 रुपये निर्यात शुल्क आले तर गाडीवाला भाडे सोडत नाही, हमाल हमाली सोडत नाही, व्यापारी नफा सोडत नाही. ते 5 रुपये 19 मधूनच जातात आणि बोली 14 वर येते. हे आकडे काल्पनिक आहेत, रीत मात्र खरी आहे. शुल्क भरतो व्यापारी, सोसतो शेतकरी. उलट शुल्क निघाले म्हणजे ते सगळे लगेच आपल्या पदरात पडतात असे मात्र नाही. आवक दांडगी असेल तर तो फरक मध्येच जिरतो.

पण सगळे खापर सीमेवर फोडणेही बरोबर नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा सोलापूरला आणला. भाव लागला किलोला 1 रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई कापून उरले 2 रुपये 49 पैसे आणि हातात आला 2 रुपयांचा पुढच्या तारखेचा धनादेश. सगळ्या देशाने ती बातमी वाचली. त्या दिवशी आपल्याकडून निर्यातबंदी नव्हती आणि बांगलादेशानेही परवाने बंद केले नव्हते, ते बंद झाले पुढच्या महिन्यात. तेव्हा भाव पडला तो मुख्यतः एकाच वेळी आलेल्या लाल कांद्याच्या लोंढ्यामुळे. दार उघडे असतानाही एवढा लोंढा त्यातून जाऊ शकत नाही.

हा लोंढा येतो का? आपला पाऊस उत्तरा-हस्ताचा. त्या पाण्यावर सगळ्या जिल्ह्यात एकदम लागवड होते, तशीच ती धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या शेजारच्या भागांतही होते. मग गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे सगळ्यांचाच कांदा यार्डात. आणि गंमत पाहा, नेमक्या याच वेळी बांगलादेशाचा मुडीकाटा कांदाही निघत असतो. त्यांना गरज असते सप्टेंबर ते नोव्हेंबर, आपण माल घेऊन जातो डिसेंबर-जानेवारीत. भुकेच्या वेळी ताट नाही आणि जेवण झाल्यावर वाढायला उभे, अशी गत.

लागवड, साठवण आणि विक्री

म्हणून माझा पहिला सल्ला असा की दोन एकर कांदा करणार असाल तर दोन्ही एकर एकाच आठवड्यात लावू नका. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यांनी एक तुकडा लवकरचा खरीप करावा. मे-जूनमध्ये रोप टाकून जुलैत लागवड केली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माल निघतो. याला जोखीम आहे, हे आधीच सांगतो. परतीच्या पावसात वाफ्यात पाणी साचले की करपा आणि सड लागते. म्हणून सपाट वाफ्यावर न करता रुंद गादीवाफ्यावर ठिबक टाकूनच करावा आणि काळ्या चोपण रानात तर करूच नये. बसवंत 780, फुले समर्थ, भीमा सुपर, भीमा डार्क रेड या खरिपाच्या जाती आहेत. खरीप कांद्याची पात आपोआप पडत नाही. काढणीच्या दोन-तीन दिवस आधी रिकामा ड्रम फिरवून माना मोडाव्यात. पूर्ण जिल्ह्याने हा मार्ग धरावा असे मी म्हणणार नाही. तसे झाले तर ऑक्टोबरातच दुसरा गड्डा भरेल.

दुसरा तुकडा रब्बीचा, साठवणीसाठी. एन-2-4-1, भीमा शक्ती, भीमा किरण यांसारख्या टिकाऊ जातींचेच बी घ्यावे. लाल रांगडा कांदा चाळीत भरून दिवाळीची वाट पाहणारे शेतकरी मला दरवर्षी भेटतात, पण तो कांदा त्या गुणाचा नाही, पावसाळा लागला की त्याला कोंब येतात. साठवायच्या कांद्याला लागवडीनंतर 60 दिवसांपुढे युरिया देऊ नये. निम्म्या माना पडल्या की काढणी करावी, त्याआधी दोन आठवडे पाणी तोडावे. पातीसकट तीन-चार दिवस शेतात असा सुकवावा की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल. मग इंचभर मान ठेवून पात कापावी व दहा-बारा दिवस सावलीत पातळ थरात ठेवूनच चाळीत भरावा. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी पूर्व-पश्चिम बांधावी, थराची उंची चार-पाच फुटांपेक्षा जास्त नको आणि तळातून वारा खेळला पाहिजे. चाळीच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. बांधकाम आधी आणि अर्ज नंतर, असे करू नये.

साठवायचे की विकायचे, हा हिशोब मात्र डोक्याने करावा, ऐकीव बातमीवर नाही. समजा एप्रिलमध्ये 100 क्विंटल कांदा आहे आणि भाव 1200 रुपये मिळतो. आज विकला तर 1,20,000 रुपये झाले. चार महिने ठेवला आणि 30 टक्के घट आली तर 70 क्विंटल उरतील. तेवढेच पैसे यायला भाव 1714 रुपये पाहिजे. त्यावर निवडीची मजुरी आणि पीककर्जाचे व्याज धरा. म्हणजे 1900 च्या आत भाव असेल तर ठेवण्यात अर्थ नाही. घट 20 टक्क्यांवर आणली तर गणित बदलते, म्हणून सुकवणीवर मी इतका जोर देतो. सगळा माल एकदम ठेवू नये आणि एकदम काढूही नये. तीन भाग करून, जून, ऑगस्टअखेर आणि ऑक्टोबर असा विकत जावा. एखाद्या रात्री बंदीचा आदेश निघाला तरी सगळे पीक त्यात सापडत नाही. 2019, 2020 आणि 2023 या तिन्ही वर्षी निर्बंध ऑगस्ट ते डिसेंबर याच काळात आले आहेत, हे ध्यानात घेऊन ऑगस्टच्या आधी निदान एक भाग मोकळा केलेला बरा.

बातमी कुठली पाहावी? निर्यातीचे आदेश विदेश व्यापार महासंचालनालय काढते. शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाची असते. फोनवर फिरणाऱ्या मजकुरावर तारीख आणि खात्याचे नाव नसेल तर त्याला भाव देऊ नये. जुने आदेश नव्या नावाने पुन्हा फिरतात, हा अनुभव आहे. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव मिळतात. तिथे फक्त सोलापूर न पाहता लासलगाव आणि पिंपळगावही पाहावे. तिकडे एकदम पडझड झाली की चार दिवसांत तिचा धक्का आपल्याकडे येतो. तेवढे चार दिवस हाताशी मिळतात. बांगलादेशात बकरी ईदच्या आधी कांद्याची मागणी वाढते आणि प्रत्यक्ष ईदच्या व दुर्गापूजेच्या सुट्टीत नाके काही दिवस बंद राहतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, तेव्हा तारीख दिनदर्शिकेत पाहून ठेवावी. बंद नाक्यासमोर गाडी उभी राहिली तर भाडे वाढते, कांदा मात्र कमी होतो.

प्रतवारीकडे आपले दुर्लक्ष होते. बांगलादेशी गिऱ्हाइकाला फार मोठा कांदा नको, मध्यम, गोल, गडद लाल आणि तिखट हवा. आखाती देशांना मोठा लागतो. जोड कांदा, डेंगळे, पत्ती निघालेला माल चांगल्या मालात मिसळला की सबंध वकलीला हलक्या मालाचा भाव लागतो. गोल्टी वेगळी, जोड वेगळा, असे तीन ढीग घरीच करून आणावेत. मजुरी लागते, पण मला तरी ती वाया गेलेली दिसली नाही. आणि पट्टी हातात आली की वाचावी. फळे-भाजीपाल्यावरची अडत 2016 पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची आहे. ती कापलेली दिसली तर बाजार समितीच्या कार्यालयात पट्टी दाखवावी.

काही गावांत शेतकरी उत्पादक कंपन्या आता स्वतः निर्यात करायचे म्हणतात. उमेद चांगली आहे. सांगोल्याहून 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे बंगालमधील शालिमारला गेली, तेव्हा आपल्या भागातला माल रेल्वेने थेट बंगालमध्ये पोचू शकतो हे दिसले. पण त्या काळात भाड्यात 50 टक्के सवलत होती, हे विसरू नये. निर्यातीसाठी आयात-निर्यात क्रमांक, अपेडाची नोंदणी, पीक आरोग्य प्रमाणपत्र हे सगळे मिळवता येते. खरी मेख पैशात आहे. पलीकडच्या बँकेचे पतपत्र हातात पडल्याशिवाय एकही गाडी हलवू नये. 2022 नंतर बांगलादेशात डॉलरची टंचाई झाली तेव्हा अशी पतपत्रे मिळणेच कठीण झाले होते. ओळखीच्या दलालाच्या शब्दावर माल पाठवला आणि पैसे अडकले तर फिर्याद दुसऱ्या देशात करावी लागते. पहिली दोन-तीन वर्षे अनुभवी निर्यातदाराला माल पुरवावा, कागदपत्रे कशी होतात ती पाहावीत, मग स्वतःच्या नावाने उतरावे.

आणखी एक गोष्ट. बांगलादेश कायम आपल्यावर विसंबून राहील असे धरून चालू नये. 2019 च्या धक्क्यानंतर त्यांनी पावसाळी कांद्याची लागवड वाढवायला घेतली, आणि त्यासाठी शेतकऱ्यांना बी वाटले ते कोणते? एन-53, म्हणजे आपल्या नाशिक भागातलीच जुनी खरीप जात. साठवणीसाठी हवा खेळती ठेवणारी घरे बांधायलाही त्यांच्या कृषी खात्याने सुरुवात केली आहे. आपण दार जितक्या वेळा एकाएकी लावू, तितके ते पाकिस्तान, इजिप्त, चीनकडे आणि स्वतःच्या शेताकडे वळतील. हे दार आपल्या हातात नाही. त्या भरवशावर रान किती गुंतवायचे, एवढे मात्र आपल्या हातात आहे. एकूण रानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कांदा करू नये, बाकीच्यात ज्वारी, हरभरा, तूर राहू द्यावी, असे माझे मत आहे. दराच्या आशेने सबंध रान कांद्याखाली घालणाऱ्याला एक वाईट हंगाम दोन वर्षे मागे नेतो.

शेवटी सातबाऱ्याची गोष्ट. 2023 साली भाव पडल्यानंतर राज्य शासनाने 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला 350 रुपये, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, अनुदान दिले. तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर कांद्याची नोंदच नव्हती. पीक होते, पट्टी होती, पण कागदावर त्या रानात दुसरेच काही उभे होते. त्यांना तलाठी आणि समितीकडे हेलपाटे घालावे लागले. म्हणून लागवड झाली की ई-पीक पाहणी मुदतीत करावी, कांद्याच्या रानात उभे राहूनच फोटो घ्यावा आणि वर्षभराच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवाव्यात. पट्टीवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव एकच आहे ना, तेवढे यार्डातच पाहून घ्यावे. भावाच्या किंवा मुलाच्या नावाने निघालेली पट्टी पुढे कामाला येत नाही.